कॉलेज बास्केटबॉल : ऑगस्टचा परदेश दौरा आणि कॉन्फरन्सबाहेरचे सामने – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील, नुकतेच तिथे पोहोचलेले विद्यार्थी आणि एनबीए पाहता पाहता कॉलेजच्या खेळाकडे वळलेले प्रेक्षक ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय नियामक संस्था) डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीच्या, पुरुष संघांपुरती आहेत. महिला संघांची रचना बरीचशी अशीच आहे, पण प्रत्येक आकडा तसाच लागू होईल असं धरू नका.

१. कॉन्फरन्स म्हणजे काय, आणि "कॉन्फरन्सबाहेरचा" सामना कोणता?

डिव्हिजन वनमध्ये ३६०हून जास्त कॉलेजं आहेत. ती तीसएक गटांत वाटलेली आहेत, आणि त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात : बिग टेन, एसीसी, एसईसी, बिग ट्वेल्व्ह, बिग ईस्ट वगैरे. साधारण जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत संघ मुख्यतः आपल्याच गटात खेळतात. त्या सामन्यांची तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी सगळं कॉन्फरन्सचं कार्यालय ठरवतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गटाबाहेरच्या संघांशी जे सामने होतात ते कॉन्फरन्सबाहेरचे. हे मात्र कॉलेजनं स्वतः ठरवायचे असतात, म्हणून खरी खटपट, घासाघीस आणि राजकारण तिथेच चालतं.

नावांवरून भूगोल ओळखायला जाऊ नका. बिग टेनमध्ये आज अठरा कॉलेजं आहेत, आणि कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या एसीसीत आहे.

२. एका हंगामात एकूण सामने किती?

२०२५-२६ पर्यंत नियमित हंगामाची कमाल मर्यादा ३१ सामन्यांची, तीही संघ नोव्हेंबरातल्या एखाद्या बहुसंघीय स्पर्धेत उतरला तर. २०२६-२७ पासून ती ३२ केली आहे. यातले १८ ते २० सामने मोठ्या कॉन्फरन्समध्ये आपल्याच गटात जातात. उरलेले अकरा-बारा, फार तर चौदा सामने प्रशिक्षकाच्या हातात. एसीसीनं २०२५-२६ पासून गटातले सामने २० वरून १८ वर आणले, ते बाहेरच्या चांगल्या संघांशी खेळायला जागा मिळावी म्हणूनच. कारण प्रश्न ९ मध्ये.

३. हे सामने प्रत्यक्षात ठरवतं कोण?

बहुतेक ठिकाणी एका सहायक प्रशिक्षकाकडे किंवा संघाच्या व्यवस्थापकाकडे हे काम असतं. वसंतापासून फोन सुरू होतात, शेवटचा शब्द मुख्य प्रशिक्षकाचा. करार साधारण तीन तऱ्हेचे. पहिला : यंदा तुम्ही आमच्याकडे या, पुढच्या वर्षी आम्ही तुमच्याकडे येतो. दुसरा : तुम्ही दोनदा या, आम्ही एकदा येऊ. संघाचं वजन कमी असेल तर त्याला हाच मिळतो. तिसरा : आम्ही पैसे देतो, तुम्ही या, आम्ही येणार नाही. याबद्दल प्रश्न ७ पाहा. यांखेरीज त्रयस्थ शहरातले, टीव्ही वाहिन्यांनी जुळवलेले सामने असतात. ड्यूक, कॅन्सस, केंटकी आणि मिशिगन स्टेट यांची चॅम्पियन्स क्लासिक २०११ पासून अशीच चालू आहे. एसीसी विरुद्ध बिग टेन ही मालिका १९९९ ते २०२२ चालली आणि २०२३ पासून तिची जागा एसीसी विरुद्ध एसईसीनं घेतली. अशा मालिकेत कोण कोणाशी भिडणार हे कॉलेजच्या हाती राहत नाही.

करार मोडला तर दंडाची रक्कम त्यातच लिहिलेली असते, आणि अधूनमधून मोठी कॉलेजं ती मुकाट्यानं भरूनही टाकतात.

४. आमच्या कॉलेजचा संघ ऑगस्टमध्ये बहामाजला गेला होता. ही सहल होती की हंगाम?

दोन्हीच्या मधलं काहीतरी. नियमानं प्रत्येक संघाला चार वर्षांतून एकदा परदेश दौरा करता येतो. त्यातले सामने हंगामात मोजत नाहीत. हार-जीत कुठे नोंदली जात नाही, क्रमवारीवर परिणाम नाही. मग एवढा खर्च कशाला? तर निघण्यापूर्वी मिळणाऱ्या दहा सरावांसाठी. एरवी उन्हाळ्यात प्रशिक्षकाला आठवड्याला मोजकेच तास मिळतात आणि पूर्ण सराव हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी सहा आठवडे सुरू होतो. दौऱ्याच्या वर्षी संघाला ऑगस्टमध्येच दहा पूर्ण सराव आणि वर तीन-चार सामने मिळतात. नव्यानं आलेली मुलंही त्यात खेळू शकतात.

आताशा याचं मोल वाढलं आहे, कारण खेळाडू दर वसंतात कॉलेज बदलतात. निम्मा संघ नवा असेल तर प्रशिक्षकाला एकेकाचं नावसुद्धा पाठ करावं लागतं, बचावातली ठेवण तर पुढची गोष्ट. म्हणून चारांतलं कोणतं वर्ष वापरायचं हा हिशेब प्रशिक्षक काळजीनं करतात.

सर्वांत गाजलेलं उदाहरण केंटकीचं. ऑगस्ट २०१४ मध्ये हा संघ बहामाजमध्ये सहा सामने खेळला. प्रशिक्षक जॉन कॅलिपारींकडे एकाच वेळी इतके तयार खेळाडू होते की कोणाला बसवायचं हाच प्रश्न होता. त्यांनी पाच-पाचांच्या दोन तुकड्या करून त्या आलटून पालटून मैदानात उतरवण्याचा प्रयोग तिथे करून पाहिला. त्या हंगामात केंटकीनं ओळीनं ३८ सामने जिंकले आणि पहिला पराभव थेट फायनल फोरमध्ये, म्हणजे मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चारांत, विस्कॉन्सिनकडून पाहिला. यश दौऱ्यामुळेच मिळालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण प्रयोगाला जागा तिथे मिळाली.

खर्च बऱ्याचदा देणगीदार उचलतात. संघाबरोबर चाहत्यांच्या सहलीही काढल्या जातात. त्या हॉटेलात नाश्त्याला शेजारच्या टेबलावर सात फुटी खेळाडू बसलेला असतो, आणि लोक त्यासाठीच पैसे मोजतात.

५. दौऱ्यावर खेळतात कोणाशी? आणि परदेशातला प्रत्येक सामना "दौरा" धरायचा का?

स्थानिक क्लब, तिथली विद्यापीठं, कधी राष्ट्रीय संघ किंवा त्याची दुसरी फळी. नियमपुस्तकातली एक गंमत : दौऱ्यावर दुसऱ्या अमेरिकी संघाशी खेळता येत नाही, अपवाद फक्त परदेशी तळांवरच्या अमेरिकी सैनिकांच्या संघांचा. ड्यूकनं २०१८ मध्ये झायन विल्यमसन आणि आर. जे. बॅरेट यांना घेऊन कॅनडात तीन विद्यापीठांशी सामने खेळले, तेव्हा प्रतिस्पर्धी अगदीच उन्नीस होते. पण नेहमी तसं नसतं. ऑगस्ट २०११ मध्ये जॉर्जटाउनचा संघ बेजिंगमध्ये चिनी सैन्याच्या बायी रॉकेट्सशी खेळत होता. गुण ६४-६४ असताना मैदानात सरळ हाणामारी सुरू झाली, खुर्च्या उडाल्या आणि प्रशिक्षकांनी संघ बाहेर काढला. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन त्याच वेळी बेजिंगमध्ये होते, त्यामुळे प्रकरण क्रीडापानावर थांबलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही. नियमित हंगामातला सामनाही परदेशात होऊ शकतो, आणि तो पूर्णपणे मोजला जातो. नोव्हेंबर २०१२ मध्ये कनेटिकट आणि मिशिगन स्टेट जर्मनीतल्या रामश्टाइन या अमेरिकी हवाई तळावर खेळले. २०१७ मध्ये यूसीएलए आणि जॉर्जिया टेक यांनी हंगामाची सुरुवात शांघायमध्ये केली. यूसीएलएच्या तीन खेळाडूंना दुकानातून चोरी केल्याच्या संशयावरून चिनी पोलिसांनी अडकवलं, तो हाच प्रवास. तारीख ऑगस्टची आणि समोर परदेशी संघ असेल तर दौरा. नोव्हेंबरमध्ये दोन अमेरिकी कॉलेजं असतील तर खराखुरा सामना.

६. ऑक्टोबरमधला सामना आम्ही जिंकला, पण नोंदींत दिसत नाही. असं का?

तो सरावसामना होता. हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो, २०२५ मध्ये तो ३ नोव्हेंबरला सुरू झाला. त्याआधी दोन सरावसामने खेळता येतात. पूर्वी समोर बहुधा खालच्या डिव्हिजनचं एखादं कॉलेज असे. डिव्हिजन वनच्या संघाशी खेळायचं तर बंद दाराआड, ना प्रेक्षक ना अधिकृत गुण, किंवा मदतनिधीसाठी खास परवानगी घेऊन. ऑक्टोबर २०१७ मध्ये वादळग्रस्तांसाठी कॅन्सस आणि मिझुरी असे भिडले. मिझुरीनं २०१२ मध्ये कॉन्फरन्स सोडल्यापासून हे जुने वैरी एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. कॅन्सस ९३-८७ नं जिंकलं. निकाल कुठेच मोजला गेला नाही, पण आरडाओरडा भर मार्चमधल्यासारखा होता.

२०२५-२६ पासून परवानगीची अट गेली. त्या ऑक्टोबरमध्ये केंटकीनं घरच्या मैदानावर पर्ड्यूला ७८-६५ हरवलं, तेही तिकिटं लावून. त्यावरून भाकितं करणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. या सामन्यांत प्रशिक्षक निम्मे डाव झाकून ठेवतात.

७. एवढी बलाढ्य कॉलेजं नावही न ऐकलेल्या संघांशी का खेळतात? ३०-४० गुणांनी जिंकून काय मिळतं?

घरचा सामना मिळतो. तिकिटं, पार्किंग, खाणंपिणं यांचं उत्पन्न घरच्या संघाचं, आणि तो सामना परत करायला कुठे जावं लागत नाही. त्याबदल्यात पाहुण्या कॉलेजला एकरकमी मानधन मिळतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये एव्हान्सव्हिलला केंटकीत येऊन खेळण्याचे ९०,००० डॉलर ठरले होते. केंटकी तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होतं. एव्हान्सव्हिलनं ६७-६४ नं सामना जिंकला आणि धनादेशही नेला. त्यांचे प्रशिक्षक वॉल्टर मॅकार्टी हे १९९६ च्या विजेत्या केंटकी संघातले खेळाडू. पुढे त्याच हंगामात एव्हान्सव्हिलनं आपल्या कॉन्फरन्समधले अठराच्या अठरा सामने गमावले, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. दोनच आठवड्यांनी स्टीफन एफ. ऑस्टिननं ड्यूकला जादा वेळेत ८५-८३ नं हरवलं आणि ड्यूकची घरच्या मैदानावरची, कॉन्फरन्सबाहेरच्या सलग १५० विजयांची मालिका तोडली.

मोठ्या फरकानं जिंकण्याचा दुसराही फायदा आहे, तो प्रश्न ९ च्या शेवटी सांगितला आहे.

८. मग लहान कॉलेजं स्वतःच्या गावी खेळतात तरी कधी?

काही तर डिसेंबर संपेपर्यंत नाहीच. ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांची असलेली अनेक कॉलेजं क्रीडाविभागाचा खर्च चालवण्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबर सगळा रस्त्यावर काढतात. टेक्सस सदर्नचं २०१७-१८ चं वेळापत्रक पाहा : कॉन्फरन्सबाहेरचे तेरा सामने, तेराही प्रतिस्पर्ध्यांच्या दारात, तेराही पराभव. नंतर हाच संघ कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून मार्च मॅडनेसमध्ये (मार्चची राष्ट्रीय स्पर्धा) पोहोचला आणि तिथे पहिला सामना जिंकला. पुढच्याच हंगामात त्यांनी बेलर, ऑरेगन आणि टेक्सस ए अँड एम या तिघांना त्यांच्याच घरी हरवलं. ०-१३ हा आकडा पाहून कुणी "रद्दी संघ" म्हणालं तर त्याला आधी प्रवासाचा नकाशा दाखवा.

मला स्वतःला ही पद्धत बोचते. मोठ्या कॉलेजांनी कधीतरी परतीचा प्रवास करावा, अशी मागणी जुनी आहे. २०२२ मध्ये पॅक-ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सनं एसडब्ल्यूएसीबरोबर (टेक्सस सदर्नची कॉन्फरन्स) तशी मालिका सुरूही केली, पण बाकीच्या कॉन्फरन्सनी तो कित्ता गिरवला नाही.

९. "नेट" आणि "क्वाड वन" हे काय आहे? एकाच संघाला हरवून कधी शाबासकी, कधी काहीच नाही, असं कसं?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सावकाश.

मार्चच्या स्पर्धेत ६८ संघ घेतात (२०२६ पर्यंतची पद्धत). ३१ संघ कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून थेट येतात. उरलेले ३७ एक समिती निवडते. समितीपुढे प्रत्येक संघाचं एक पान असतं, आणि ते पान नेट नावाच्या क्रमवारीनुसार मांडलेलं असतं. २०१८-१९ पासून ही क्रमवारी आहे, त्याआधी आरपीआय नावाची दुसरी क्रमवारी होती.

प्रत्येक सामना चार कप्प्यांपैकी एकात पडतो. पहिला कप्पा म्हणजे क्वाड वन : घरच्या मैदानावर समोरचा संघ नेटमध्ये पहिल्या ३० मध्ये हवा, त्रयस्थ मैदानावर पहिल्या ५० मध्ये, आणि त्याच्या घरी असेल तर पहिल्या ७५ मध्ये. म्हणजे ६० व्या क्रमांकाच्या संघाला तुमच्या घरी हरवलंत तर तो क्वाड टू, त्याच्या घरी जाऊन हरवलंत तर क्वाड वन. खेळ तोच, विजय तोच, कप्पा वेगळा. वेळापत्रक करणारा माणूस मे महिन्यात बसून नेमका हाच अंदाज बांधत असतो : कोणता संघ मार्चमध्ये साठावा असेल, आणि त्याच्या गावी जायची आपली तयारी आहे का.

खोच अशी की क्रमांक सामन्याच्या दिवशीचा धरत नाहीत, सरकता धरतात. नोव्हेंबरमध्ये विसाव्या असलेल्या संघावरचा तुमचा विजय, तो संघ घसरून शंभरावा झाला तर मार्चपर्यंत खालच्या कप्प्यात जातो. म्हणून डिसेंबरमध्ये हरवलेल्या संघाला फेब्रुवारीत टीव्हीसमोर बसून प्रोत्साहन देणारे चाहते दिसतात, ते वेडे नसतात.

नोव्हेंबर-डिसेंबरचं वजन इतकं का, तर जानेवारीनंतर कॉन्फरन्समधले संघ एकमेकांशीच खेळतात आणि गटाची एकूण पत फारशी बदलत नाही. ती आधीच ठरलेली असते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये एसईसीनं एसीसीला त्या वार्षिक मालिकेत १४-२ असं धुतलं. मार्च २०२५ मध्ये एसईसीचे विक्रमी १४ संघ स्पर्धेत होते. आधीचा विक्रम बिग ईस्टच्या ११ संघांचा, २०११ मधला.

आणि मोठ्या फरकाचं : नेटमध्ये चेंडू दर शंभर वेळा ताब्यात आल्यावर किती गुण केले आणि किती दिले याचा हिशेब असतो. त्यामुळे दुबळ्या संघाला ४५ गुणांनी हरवणं १५ गुणांनी हरवण्यापेक्षा फायद्याचं ठरतं. शेवटच्या मिनिटातही मुख्य खेळाडू मैदानात का, याचं एक उत्तर हे.

१०. मग वेळापत्रक अवघड ठेवावं की सोपं?

यावर सरळ उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. क्लेमसनला २०२३ मध्ये एसीसीत १४-६ अशी कामगिरी करूनही मार्चच्या स्पर्धेचं निमंत्रण मिळालं नाही, बाहेरचं वेळापत्रक हलकं होतं आणि त्यातही नको ते पराभव होते. उलट आयोवा स्टेटचं २०२३-२४ चं बाहेरचं वेळापत्रकही फार हलकं होतं, पण बिग ट्वेल्व्ह गाजवल्यामुळे त्यांना दुसरं मानांकन मिळालं. २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनानं बाहेर तगडे संघ घेतले, क्वाड वनमध्ये १३ पैकी एकच सामना जिंकला, तरी आत आले. त्यांचे क्रीडासंचालकच त्या वर्षी समितीचे अध्यक्ष होते. स्वतःच्या कॉलेजच्या चर्चेत अध्यक्ष बसत नाही, तरीही बोलायचे ते लोक बोललेच.

सर्वांत वाईट गत मधल्या फळीच्या कॉन्फरन्समधल्या चांगल्या संघांची. इंडियाना स्टेट २०२४ मध्ये नेटमध्ये पहिल्या तिसांत होता, २८ विजय होते, तरी बाहेर राहिला. अशा संघाला मोठी कॉलेजं घरी बोलवत नाहीत, कारण हरण्याची भीती असते. त्याच्या गावी जाण्याचा तर प्रश्नच नाही. मग चांगला विजय मिळवायचा कुठे? गोन्झागानं वर्षानुवर्षं मिळेल त्याच्याशी, मिळेल तिथे खेळून यातून वाट काढली.

११. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा अमेरिकी सण) आठवड्यात सगळे बेटांवर का पळतात?

मूळ कारण नियमातली फट. मुख्य भूमीवरच्या ४८ राज्यांबाहेरचे सामने कमाल मर्यादेत धरत नसत. १९७८ मध्ये अलास्कात स्पर्धा सुरू झाली ती या फटीवर. कडाक्याच्या थंडीत अँकरेजला जायला संघ तयार होत ते जादा सामन्यांसाठी. पुरुषांची ती स्पर्धा २०१७ मध्ये संपली.

हवाईतल्या माउई बेटाची कथा निराळी. डिसेंबर १९८२ मध्ये जपानहून परतणारा व्हर्जिनियाचा संघ होनोलुलूत थांबला. तेव्हाचा गाजलेला खेळाडू राल्फ सॅम्पसन त्या संघात, आणि संघ देशात पहिल्या क्रमांकावर. तिथल्या शॅमिनाड या चिमुकल्या कॉलेजनं त्यांना ७७-७२ नं हरवलं. त्या प्रसिद्धीतून १९८४ मध्ये माउई इन्व्हिटेशनल जन्माला आली. माउईवरच्या लहाइना गावातलं सभागृह जेमतेम २,४०० प्रेक्षकांचं. ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात लहाइना जळाल्यावर स्पर्धा एक वर्ष होनोलुलूत झाली आणि २०२४ मध्ये परत आली. बहामाजमधली बॅटल फॉर अटलांटिस २०११ पासून एका हॉटेलाच्या भव्य दालनात होते.

पण आता ओढा लास व्हेगासकडे आहे. २०२४ मध्ये आठ संघांनिशी सुरू झालेल्या प्लेयर्स एरा स्पर्धेत खेळाडूंना नाव-छबी वापरण्याच्या मोबदल्यात संघामागे दहा लाख डॉलर मिळतात. २०२५ मध्ये पुरुषांचे अठरा संघ झाले. अंतिम सामन्यात मिशिगननं गोन्झागाला १०१-६१ असं लोळवलं. समुद्रकिनारा दहा लाखांशी किती वर्षं टक्कर देईल, मला शंकाच आहे.

१२. शॅमिनाडसारख्या डिव्हिजन टूच्या कॉलेजविरुद्धचा सामना मोजतात का?

हार-जीतीच्या नोंदीत मोजतात, नेटमध्ये नाही. म्हणजे जिंकून क्रमवारीत काही मिळत नाही, हरलात तर अब्रू जाते. तरी घरचा आणखी एक दिवस भरून निघतो म्हणून अनेक संघ वर्षाला एखादा असा सामना घेतात.

१३. माझा भाचा एफ-वन व्हिसावर शिकतो आणि संघाबरोबर युरोप दौऱ्यावर जाणार आहे. काही अडचण?

खेळाडू असो वा संघाचा विद्यार्थी-व्यवस्थापक, भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागेलच. अमेरिकी सोबत्यांना तो लागत नाही, त्यामुळे कार्यालयाच्या ध्यानातून हे निसटू शकतं. मे महिन्यातच विचारा. आय-ट्वेंटीवर (कॉलेजनं दिलेला व्हिसासाठीचा दाखला) प्रवासाची सही ताजी आहे ना, आणि परत येताना अमेरिकी व्हिसा वैध आहे ना, हेही पाहा.

दुसरा भाग कमाईचा. एफ-वनवर अमेरिकेत जाहिरातीचं काम करणं धोक्याचं, पण अमेरिकेबाहेर केलेल्या कामाचं गणित वेगळं पडतं. केंटकीचा काँगोहून आलेला ऑस्कर शीब्वे याने ऑगस्ट २०२२ च्या बहामाज दौऱ्यातच आपली जाहिरातींची कामं उरकली होती. पण हे वकिलाला विचारून.

१४. ठरलेला सामना रद्द झाला तर?

बऱ्याचदा पुढच्या वर्षी ढकलतात, कधी तसाच सोडून देतात. ५ डिसेंबर २०२० ला इंडियानापोलिसमध्ये गोन्झागा आणि बेलर, क्रमांक एक आणि दोन, खेळणार होते. कोविडमुळे सामना काही वेळ आधी रद्द झाला. पुन्हा तारीख जुळली नाही. मग ५ एप्रिल २०२१ ला, त्याच शहरात, ते राष्ट्रीय अंतिम सामन्यातच भेटले आणि बेलर ८६-७० नं जिंकलं.

रद्द होण्याची कारणं अजबही असतात. २०११ मध्ये सॅन दिएगोत विमानवाहू जहाजावर, बराक ओबामांच्या उपस्थितीत सामना झाला. तो इतका गाजला की २०१२ मध्ये इतरांनी नक्कल केली. समुद्री दमटपणानं लाकडी मैदान ओलं झालं, एक सामना सुरूच झाला नाही आणि दुसरा मध्यंतराला थांबवावा लागला.

१५. नोव्हेंबरमध्ये मुलीकडे जाणार आहोत. तिच्या कॉलेजचा सामना पाहायचा तर तिकीट कधी काढू?

कॉन्फरन्सबाहेरचे सामने उन्हाळ्यात तुकड्यातुकड्यानं जाहीर होतात, वेळा टीव्हीच्या सोयीनं नंतर ठरतात. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात संघ बहुधा गावी नसतो (प्रश्न ११), तो आठवडा टाळा. प्रश्न ७ मध्ये सांगितलेल्या तऱ्हेचा सामना निवडलात तर तिकीट स्वस्त मिळतं, आणि मुलीला विद्यार्थ्यांच्या राखीव जागांत वेगळं बसावं लागेल.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी : पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला. हे नोव्हेंबरात घड्याळं मागे गेल्यानंतरचं गणित आहे, ऑक्टोबरमधल्या सरावसामन्यांसाठी एक तास आधीचा गजर लावा.